कॅमेरा तीन

बावीस वर्षं मी लांबूनच पाहिलं.
मोन्तेविदेओच्या ज्या स्टुडिओत पूर्वी लोकरीचं गोदाम होतं
आणि दमट दिवशी अजून मेंढ्यांचा वास येतो,
तिथे माझा कॅमेरा मागच्या भिंतीला पाठ लावून उभा असायचा,
रुसलेल्या व्याह्यासारखा.
चौकटीत सगळं मावायचं: फिरतं चाक, बक्षिसाचा फ्रिज,
सूत्रसंचालकाचे दात,
आणि कुठेतरी खाली, मसुराच्या दाण्याएवढा,
खेळायला आलेला माणूस.

शुक्रवारी रात्री आई विचारायची,
"ती बाई शेवटी हसली का रडली रे?"
मी तिथेच होतो.
मला सांगता यायचं नाही.

मग जूनच्या थंडीत इरेने एचेवेर्री आली,
एका हातात माते, काखेत थर्मास,
खिशात पांढऱ्या चिकटपट्टीचं भेंडोळं.
पहिला आठवडा काही बोललीच नाही.
खेळाडूच्या जागी जाऊन उभी राहायची,
दिव्यांकडे बघत डोळे मिचकावायची.
आठव्या दिवशी तिने अर्धे दिवे विझवले.
निर्मात्याने कपाळाला हात लावला:
"प्रायोजकाचा फ्रिज अंधारात गेला!"
"फ्रिजला घाम फुटत नाही," ती म्हणाली.

चाक इतकं चकाकायचं
की पन्नास आणि पाच हजार सारखेच जळायचे;
तिने त्यावर रंगभूषेच्या खोलीतला केसांचा स्प्रे मारला.
नाव-गावाची पट्टी खाली ढकलली,
"आधी हनुवटी थरथरते, मग ओठ. झाकू नका."
घारीसारखी घिरट्या घालणारी क्रेन
कोपऱ्यात मान घालून बसली.
आणि माझ्यासाठी तिने जमिनीवर फुली मारली,
पार पुढे, खेळाडूपासून दोन हातांवर.
"कॅमेरा वीतभर खाली घ्या.
आपण वरून बघतो,
म्हणून सगळे भीक मागताना दिसतात."

वीतभर.
बावीस वर्षं तिने एका वितीत मोजली.
मी रागाने स्क्रू सैल केला
आणि खाली घेतला.

त्या शुक्रवारी रिवेराहून विल्सन तेचेरा आला,
शाळेची बस चालवणारा,
सात तासांच्या प्रवासातही
शर्टाच्या घड्या न मोडलेला.
शेवटचा प्रश्न सोपा होता.
उत्तर त्याच्या पोटातून निघालं, छातीत चढलं,
घशापर्यंत आलेलं मी भिंगातून पाहिलं,
गाठ वर गेली,
आणि तिथेच अडकली.
घंटा.

घंटा झाली की विजेत्याकडे वळायचं,
रंगीत कागदांच्या पावसाकडे, मग जाहिराती,
हा आमचा जुना शिरस्ता.
कानात इरेने म्हणाली, "तीन, थांबा."
थांबलो.

बटणाचा दिवा विझला होता.
त्याने ते पुन्हा दाबलं, अगदी हलकेच,
रिकाम्या घराची बेल
माहीत असूनही दाबावी तसं.
मग ओठ हलले. उत्तर दिलं त्याने,
कुणालाच नाही.
आणि हात खाली घेताना
बाहीतून बाहेर आलं दुकानाचं लेबल,
दोऱ्यासकट, किमतीसकट.
सोमवारी शर्ट परत करायचा असणार.

एवढ्या जवळून सगळंच दिसतं.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं, इरेनेनेही नाही:
मी कॅमेरा बोटभर वर उचलला.
लेबल चौकटीबाहेर गेलं.
चेहरा राहिला.
कानात बराच वेळ नुसती खरखर,
मग माते ओढल्याचा आवाज.

रात्री आईकडे गेलो. टीव्ही बंद करून
ती अंधारात बसली होती.
"त्या बसवाल्याला येत होतं ना रे उत्तर?"
"हो."
"दिसलं मला."
थोडा वेळ गेला.
"तू एवढा जवळ होतास,
हळूच सांगायचंस की."